पत्र्यावरची माणसं : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५

बांधकामाभोवतीच्या ज्या पत्र्यांवर मला माणसं रंगवायची आहेत, त्यांचं आज मोजमाप घेतलं. शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत आमच्या शेजारची जुनी इमारत पाडून वर्ष होत आलं. आता तिथे पायाचं काम चालू आहे. रस्त्याकडची बाजू २८ पत्र्यांची. पत्रे निळे, रंगाचा लेप दिलेले, पन्हळी. उंची २५ फूट.

ही उंची आली कुठून, हे गल्लीतल्या बऱ्याच जणांना माहीत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा फार बिघडली होती, तेव्हा महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली. एक एकरापेक्षा मोठ्या जागेभोवती किमान ३५ फूट आणि त्याहून लहान जागेभोवती किमान २५ फूट उंच पत्रे लावायचे. इमारतीला हिरवं कापड किंवा तागाचं आच्छादन आणि धुळीवर पाण्याचे फवारे हेही त्यातच आलं. म्हणजे ही भिंत धूळ अडवायला उभी राहिली. पण धुळीबरोबर आतली माणसंही दिसेनाशी झाली. पूर्वी आठ फुटी पत्र्याच्या फटीतून शाळेतून येताना आम्ही तासन्‌तास आत बघत उभे राहायचो. आता बघायला फटच उरलेली नाही.

मी पोटासाठी इस्पितळांमधले दिशादर्शक फलक करते. जिना, लिफ्ट, रक्त तपासणी, बायकांचं स्वच्छतागृह. गोल डोकं आणि सारख्या जाडीचे हातपाय असलेली ती माणसं गेली १६ वर्षं माझ्या हाताखालून जातायत. त्यांनाच या पत्र्यावर आणायचं आहे.

१९ जानेवारी

सुरुवात ‘काम चालू’च्या फलकापासून. लाल किनारीचा पांढरा त्रिकोण, आत ढिगाऱ्यात फावडं खुपसून वाकलेला एक काळा माणूस. जगभर तो थोड्याफार फरकाने असाच आहे. लहानपणापासून पाहतेय, तरी आज पहिल्यांदा त्याच्यासमोर दहा मिनिटं उभी राहिले. तो एकटा आहे. पुरुष आहे. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नाही.

आमच्या साइटच्या फाटकातून सकाळी सव्वाआठला जी माणसं आत जातात, त्यांच्यातला एकही तसा दिसत नाही. मी तीन दिवस मोजलं: ११ बायका, पुरुष चाळीसच्या आसपास. बायकांच्या अंगात साडी आणि तिच्यावर पुरुषी फुल शर्ट, बाह्या मनगटापर्यंत खाली घेतलेल्या.

तर मला काढायची आहेत ती ही माणसं. भाषा मात्र फलकाचीच ठेवायची, चालता चालता दोन सेकंदांत वाचता येणारी.

२८ जानेवारी

विकसकाचं ना-हरकत पत्र मिळालं, वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला. पण खरं महत्त्वाचं बोलणं वाहतूक चौकीत झालं. तिथल्या साहेबांनी रेखाटनं नीट पाहिली आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ११६ समोर ठेवलं. वाहतुकीच्या चिन्हासारखं दिसून चालकाची दिशाभूल करू शकेल असा कोणताही फलक काढून टाकायचा अधिकार त्यात दिलेला आहे. त्यांचं म्हणणं साधं होतं: “मॅडम, माणसं काढा. त्रिकोण काढू नका, गोल काढू नका, लाल किनार तर अजिबात नको. स्कूटरवाल्याने ब्रेक मारला तर मागचा त्याच्यावर येतो.”

परत येताना वाटलं, या अटीनेच काम सोपं केलं. चौकट कायद्याने गेली. आता आकृत्या चौकटीबाहेर आल्या आणि २८ पत्रे चालत जाऊ शकतील.

९ फेब्रुवारी

पेंटरकाका यायला तयार झाले. दादरच्या निम्म्या दुकानांच्या पाट्या एके काळी त्यांच्या हातच्या होत्या. फ्लेक्स आला आणि ब्रश बंद झाले. आता ते देवळांचे दरवाजे आणि ट्रकच्या मागच्या फळ्या रंगवतात.

पहिली अडचण पन्हळीची. मी सनबोर्डाचं, म्हणजे फोमच्या कडक पुठ्ठ्याचं, स्टेन्सिल कापून नेलं होतं. ते पन्हळीच्या फक्त उंचवट्यांवर टेकतं, खोलगट भागात रंग आत पळतो आणि हाताची कड दाढीसारखी विस्कटते. काका काही बोलले नाहीत. त्यांनी माझा कागद घेतला, रेषेवर टाचणीने जवळजवळ भोकं पाडली, कागद पन्हळीत बोटांनी दाबून बसवला आणि निळीची पुरचुंडी त्यावर आपटत गेले. कागद काढला तर पत्र्यावर निळ्या ठिपक्यांचा माणूस तयार, खोलीतही आणि उंचवट्यावरही. पाट्यांची अक्षरं ते असेच उतरवायचे.

पण माणूस बारीक झाला. कारण कळायला मला संध्याकाळ लागली. चार फुटी सपाट पत्र्याला पन्हळी पाडली की तो साडेतीन फूट झाकतो, राहिलेला अर्धा फूट वळणांत जातो. सपाट कागदावर काढलेली आकृतीही तेवढीच आक्रसते, म्हणजे साधारण आठव्या हिश्श्याने. त्यात फुटपाथवरून माणूस भिंतीला समांतर चालतो, तिरकं बघतो, तेव्हा ती आणखी अरुंद दिसते. रस्त्यावर लिहिलेली अक्षरं लांबुडकी ओढतात ती याच कारणासाठी, गाडीतून ती नीट दिसावीत म्हणून. आता सगळ्या आकृत्या आडव्या रुंद करून पुन्हा काढायच्या. समोरून त्या बुटक्या, जाड दिसतील, चालत येणाऱ्याला बरोबर दिसतील. चालत येणारा महत्त्वाचा.

१५ फेब्रुवारी

रंगाची चाचणी. एका सुट्या जस्ती पत्र्यावर ऑइलपेंट, एका निळ्या पत्र्यावर बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक. जस्तीवरचा ऑइलपेंट आठवड्यात नखाने सालीसारखा निघाला. जस्त आणि तेलाचं जमत नाही, मध्ये साबणासारखा थर होतो आणि पकड सुटते. आपले पत्रे रंगीत लेपाचे आहेत, त्यांच्यावर आधी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी मारायची, थिनरच्या फडक्याने पुसायचं, मग ॲक्रिलिकचे दोन हात. खालचे दोन फूट सोडून द्यायचे. तिथे चिखल, स्कूटरची हँडलं आणि कुत्री.

२३ फेब्रुवारी

तीन पत्रे गेरूच्या जमिनीवर पांढऱ्या आकृत्यांनी रंगवले. खूप छान दिसत होते. दुपारी वाण्याकडे निघालेल्या आजी थांबल्या, कौतुकाने म्हणाल्या, “वारली सुंदर काढलीत गं.”

त्यांचं बरोबर आहे. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून धड आणि वर गोल डोकं, ही वारली बायकांनी घराच्या कुडावर लग्नाच्या वेळी काढत आलेली आकृती. आपल्याकडची जुनी, मोजकी चित्रलिपी ती. जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर, जगभर नेली. माझी आकृती फलकांच्या घराण्यातून आली आहे आणि गेरूवर पांढरा रंग लावून मी दुसऱ्याच्या अंगणात उभी राहिले होते. तिन्ही पत्रे पुसून काढले. जमीन मोतिया, आकृती काळी. ठरलं.

२ मार्च

आज मोठी चूक उमगली. पहिल्याच दिवशी कळायला हवी होती.

भिंतीची मुख्य कल्पना माझ्या मनात साखळीची होती. २८ पत्र्यांवर बायकांची रांग, हातातून हातात जाणारं घमेलं, शेवटच्या पत्र्यावर स्लॅब. लहानपणी समोरच्या इमारतीचा स्लॅब पडताना पाहिलं होतं तसं. पहाटेपासून मिक्सरचा आवाज, शिडीवर रांग, चुंबळीवर घमेलं.

जेवणाच्या सुट्टीत फाटकाजवळ बसलेल्या एका मावशींना रेखाटन दाखवलं. जालन्याकडच्या, वीस वर्षं याच कामात. त्यांनी कागद उलटसुलट केला.

“हे घमेल्याचं कधीचं वो ताई? आता स्लॅबला घमेलं कुठं ऱ्हातंय. रातच्याला गाड्या येत्यात, पंप लागतो, पायपातनं माल वर.”

“मग तुम्ही काय करता?”

“पाणी मारतो. ब्लॉक उचलतो. झाडलोट. रॅबिट, म्हंजी तोडफोडीचा कचरा, भरतो.” मग थोडं थांबून, “पाणी मारायचं लई असतं.”

मी फलकावरच्या माणसाला जो दोष देत होते, तोच मी करत होते. पोकलेन खणत असताना तो फावडं धरून उभा आहे आणि पंप चालू असताना मी घमेली वाटत होते. दोघांनीही आत जाऊन पाहिलं नव्हतं. साखळी रद्द.

५ मार्च

साइट इंजिनीअरनी हेल्मेट दिलं, आत नेलं. दीड तास.

पाणी मारणं म्हणजे काय ते नीट समजून घेतलं. काँक्रीट वाळत नाही, ते पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं. पाणी उडून गेलं की ती क्रिया मध्येच थांबते, तडे जातात. म्हणून साधं सिमेंट असेल तर किमान ७ दिवस आणि फ्लाय ॲशसारखं काही मिसळलेलं असेल तर किमान १० दिवस ते ओलं ठेवायचं, असं प्रमाण आहे. स्लॅबवर सिमेंटचे छोटे बांध घालून तळी करतात, खांबांना गोणपाट गुंडाळतात. ते गोणपाट ओलं ठेवायचं काम या बायकांचं. मार्चच्या उन्हात दिवसातून किती वेळा पाइप ओढत फेऱ्या होतात, ते मी पाहिलं. या इमारतीची ताकद त्या फेऱ्यांत आहे आणि त्या कोणत्याच फलकावर नाहीत.

नवी यादी: पाइपवाली. गोणपाट गुंडाळणारी. ब्लॉक खांद्यावर घेणारी. उकिडवं बसून सळ्या बांधणारा. ओळंबा धरलेला गवंडी. पट्टा कमरेला अडकवून परांचीवर उभा असलेला. हात वर करून क्रेनला खूण करणारा.

१४ मार्च

होळीची सुट्टी, साइट बंद. दिवसभर बायकांच्या आकृतीवर बसले.

ऑगस्ट २०२० मध्ये आमच्याच भागात, दादर-माहीमच्या पट्ट्यात, पादचारी सिग्नलवर बाईची आकृती आली. १३ चौकांतले १२० दिवे बदलले. भारतात असं आधी कुठल्या शहरात झालं नव्हतं. कोविडचे दिवस, रस्ते रिकामे. मी मास्क लावून मुद्दाम बघायला गेले होते आणि हिरव्या दिव्यातली ती बाई चालू लागली तेव्हा खरंच डोळ्यांत पाणी आलं. माझ्या धंद्यात ती दाराबाहेर ‘स्त्रिया’ सांगायला तेवढी उभी राहते. इथे ती रस्ता ओलांडत होती.

पण तिच्या अंगात फ्रॉक आहे. जगभरच्या फलकांवर बाई म्हणजे खालचा त्रिकोण, हा ठराव होऊन बसलाय. माझ्या मावशींना फ्रॉक कसा घालू? साडी काळ्या सावलीत उतरवली तर नुसता शंकू होतो. पदर काढला तर ती मंगळागौरीला निघाल्यासारखी दिसते, कारण कामावर पदर खोचलेला असतो. रात्री दहाला सुचलं: शर्ट. साडीवरचा तो पुरुषी शर्टच तिची खूण. कमरेखाली शर्टाची सरळ कड, तिथे दीड इंच मोतिया फट सोडायची, तिच्याखाली साडीचा घोळ घोट्याच्या वर संपलेला. बाही मनगटापर्यंत, तिथेही एक फट. एवढंच. दुसऱ्या दिवशी मावशींना दाखवलं तर त्यांनी आधी शर्टाच्या कडेवर बोट ठेवलं आणि मग शेजारणीला हाक मारली.

२१ मार्च

उकिडवा बसलेला माणूस फलकांच्या भाषेत नाहीच. उभा, चालणारा, धावणारा, खुर्चीवर बसलेला, चाकाच्या खुर्चीतला आहे. उकिडवा नाही, कारण ही भाषा जिथे घडली तिथे माणसं तशी बसत नाहीत. १९२० च्या दशकाच्या अखेरीस व्हिएन्नात गेर्ड आर्न्ट्झ हा जर्मन चित्रकार लिनोलियमवर कोरून आकृत्या करायचा, समाजशास्त्रज्ञ ओटो न्यूराथच्या आकडेवारीच्या तक्त्यांसाठी. हजारो केल्या. त्यातला बेकार कामगार माझ्या कायम समोर असतो: हात खिशात, खांदे उतरलेले. चेहरा नाही, तरी त्याचा दिवस कसा गेला ते कळतं. मोजक्या रेषेत इतकं मावतं, हे मला त्याने शिकवलं.

सळ्या बांधणाऱ्याचे गुडघे छातीशी येतात आणि काळ्या सावलीत सगळा गोळा होतो. नऊ कागद झाले. शेवटी मांडी आणि पोटरीमध्ये एक फट, धड पुढे झुकलेलं, एक हात लांब करून आकडीवर. दहाव्या कागदाला काका म्हणाले, “आता बसला.”

३० मार्च

गुढीपाडवा. एक पत्रा मुलांचा.

साइटवर मागच्या बाजूच्या पत्र्याच्या खोल्यांत पाच मुलं राहतात. पाळणाघर नाही. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली द्यायची तरतूद आहे, पण ती पन्नासपेक्षा जास्त बायका कामावर असतील तिथे. इथे ११. तेव्हा आठ-नऊ वर्षांची ताई धाकट्याला कडेवर घेऊन दिवसभर फिरते.

शाळेच्या फलकावरची दोन मुलं मनात होती. ब्रिटनमध्ये मार्गारेट कॅल्व्हर्टने ती नव्याने काढली, जॉक किनियरबरोबर, १९६५ पासून लागू झालेल्या फलकांसाठी. आधीच्या फलकावर टोपीवाला मुलगा मुलीला नेत होता. तिने मुलीला पुढे केलं, हात धरून नेणारी केलं, आणि ती मुलगी तिने स्वतःच्या लहानपणावरून काढली. आमच्या पत्र्यावरही मुलगीच नेते आहे. फक्त हात धरून नाही, कडेवर घेऊन. एका बाजूला झुकलेली कंबर आली की बाकी सगळं आपोआप कळतं. संध्याकाळी ती स्वतः येऊन उंची लावून गेली. पत्र्यावरची तिच्यापेक्षा वीतभर उंच आहे.

१९ एप्रिल

सकाळी येऊन बघते तर पाच पत्र्यांवर सॅम्पल फ्लॅटच्या जाहिरातीचं विनाइल. पाइपवालीच्या वर दिवाणखान्याचा सोफा. विक्री विभागाचं म्हणणं, डोळ्यांच्या उंचीची जागा त्यांची. लेखी परवानगी दाखवली, दोन दिवस फोन केले, शेवटी ते वर बारा फुटांवर सरकले. गोंदाने रंग ओढून नेला. पाचही पत्रे पुन्हा घासायचे. वाईट वाटलं, ते कामाचं नाही. ती आकृती झाकताना कोणी क्षणभर थांबलं नाही, त्याचं वाटलं.

१० मे

आजपासून भुयारी मेट्रो वांद्रे-कुर्ला संकुलापासून आचार्य अत्रे चौकापर्यंत धावते आहे. धारावी, शितलादेवी मंदिर, दादर, सिद्धिविनायक ही स्थानकं उघडली. काका आणि मी दादरला उतरून पाहून आलो. सात-आठ वर्षं आम्ही त्या कामाच्या बॅरिकेडला वळसा घालून जगलो, त्यांच्या आत कोण होतं ते कधी दिसलं नाही. काका फलाटावर बराच वेळ छताकडे बघत होते. बाहेर येऊन म्हणाले, “इथेही कोणीतरी पाणी मारलं असेल.”

२६ मे

मान्सून आज मुंबईत. साधारण ११ जूनला येणारा पाऊस सोळा दिवस आधी. १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर कधी आला नव्हता. वरच्या पारदर्शक लेपाला आम्ही जूनचा पहिला आठवडा धरला होता. २२ पत्र्यांवर लेप झालेला, सहा उघडे. दिवसभर छत्री धरून उभी होते. रंग टिकला. काळा थोडा पांढुरका पडला आहे, वाळल्यावर कळेल.

८ जून

पत्रा वाळला, पांढुरकेपणा गेला. उरलेले सहा पावसाच्या उघडिपीत पूर्ण. २८ पैकी २८.

मावशी मात्र बघायला नाहीत. त्यांचा मुकादम मेच्या शेवटी वीस माणसं घेऊन दुसऱ्या कामावर गेला. कुठे, ते फाटकावर कोणाला नक्की सांगता येईना. “माहीमकडं” एवढंच.

७ सप्टेंबर

फाटक रुंद करायला सात पत्रे काढले आणि परत लावताना क्रम बदलला. क्रेनला खूण करणारा आता मुलांच्या शेजारी आहे. आधी अस्वस्थ झाले, पण दोन दिवस ये-जा करताना पाहिलं तर त्याच्या वर केलेल्या हाताखालून ती मुलगी भावाला घेऊन जाते असं दिसतं. तसंच राहू दे म्हटलं. काकांना आवडलं नाही, त्यांच्या मते पाटीचं अक्षर हललं की पाटी चुकली.

१६ नोव्हेंबर

पोडियमचं, म्हणजे इमारतीच्या पायथ्याच्या रुंद मजल्यांचं, काम संपलं, रस्त्याकडचे अकरा पत्रे निघाले. कंत्राटदाराने ते माहीमच्या एका साइटवर नेल्याचं वॉचमनने सांगितलं. दुपारी चालत गेले.

पत्रे लागले आहेत, पण उलटे. रस्त्याकडे त्यांची राखाडी, कोरी पाठ. विचारून आत गेले. आतल्या बाजूला, चिखलापलीकडे, ओळीने उभे आहेत: ओळंबावाला, गोणपाट गुंडाळणारी, उकिडवा. पाइपवाली पाण्याच्या टाकीजवळच्या कोपऱ्यात आहे. तिच्या खांद्याच्या वर एक स्क्रू थोडा बाहेर आला आहे, त्याला कोणीतरी डब्याची पिशवी अडकवली होती.

मावशी त्या दिवशी वरच्या मजल्यावर होत्या. खाली यायला वीस मिनिटं लागतील म्हणाले. मी थांबले.